गादीवरचा मार

काठी सूं करत आली आणि मिरचीनं डोळे घट्ट मिटले. धप्प! खोली हादरली. खांदे वर, दात आवळलेले, अशी ती कळ उठायची वाट बघत राहिली. कळ आलीच नाही. दुसरा फटका बसला, तिसरा बसला, तेव्हा तिनं एक डोळा किलकिला केला. बाबा भिंतीला उभी टेकवलेली गुंडाळलेली गादी झोडपत होते.

"ओरड," ते पुटपुटले.

"काय?"

"ओरड म्हणतोय! जोरात. जीव जातोय अशी."

मिरची बघतच राहिली. तिच्या बाहीवर अजून रक्त होतं, पण ते तिचं नव्हतं. शाळेच्या जिन्यात ठेकेदाराच्या पोरानं तिची वाट अडवली होती, मनगट धरलं होतं, आणि त्याचे दोस्त फिदीफिदी हसले होते. तिनं मोकळ्या हातातला स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर असा हाणला की दोन दात टणटणत पायऱ्या उतरले. मजा म्हणजे तिला रडूबिडू काही आलं नाही. उलट, आपण केवढ्या उंच झालोय हे तिला तिथं, त्या जिन्यात, पहिल्यांदा कळलं.

आता ठेकेदार बाहेरच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर बसला होता. आजोबांच्या वर्कशॉपमधली निम्मी गेटं आणि कठडे त्याच्याच इमारतींना जात. "माझ्यादेखत नको, मी काही राक्षस नाही," तो मोठ्या मनानं म्हणाला होता. "पण ऐकू आलं पाहिजे." मग आजोबांनी काठी बाबांच्या हातात कोंबली होती. "ड्रिल मास्तरानं तुझी चामडी लोळवली म्हणून तू माणूस झालास. आता हिला कर."

धप्प!

"बाबा, तुम्ही गादीला का—"

"ड्रिल सरांची पद्धत," बाबा धापा टाकत म्हणाले.

ड्रिल सरांचं नाव मिरचीनं जन्मापासून ऐकलं होतं. घरात कुणी ताटात टाकलं, उशिरा उठलं, उलट बोललं की आजोबा त्यांनाच हाक मारत. सर गेले तेव्हा दुकानांची शटरं धडाधड खाली आली होती आणि पोट सुटलेले, टक्कल पडलेले बापे पोरासारखे हुंदके देत होते. सगळ्यात जास्त मार खाल्लेले सगळ्यात जास्त रडले. "बघ," आजोबा तेव्हा म्हणाले होते, "याला म्हणतात शिस्त."

बाबा आता फटक्याफटक्याच्या मधे तुकड्यातुकड्यानं सांगत होते. हेडमास्तर शिक्षा फर्मावायचे, पण स्वतः हात उचलायचे नाहीत. शेजारच्या ऑफिसात बसून ऐकायचे. सर पोराला बकोटीला धरून खेळाच्या सामानाच्या खोलीत न्यायचे, उड्या मारायची गादी उभी करायचे आणि तिला फोडून काढायचे. पोरानं नुसतं बोंबलायचं.

"कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. अख्ख्या शाळेला माहीत होतं. एकानंही चुगली केली नाही." धप्प! "मी तर एक नंबर. सर म्हणायचे, अरे हळू, मलाच माझी भीती वाटायला लागलीय."

मिरचीला हसू फुटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"पोरीचा आवाज येईना," बाहेरून ठेकेदार म्हणाला. "मुकी आहे काय?"

"हात गळाला का रे तुझा?" आजोबा गरजले. "जोरात!"

बाबांनी काठी डोक्यामागून आणून हाणली. गादीचं कापड टर्रकन फाटलं. आत कापसाच्या गाठी दिसायला लागल्या. त्यांनी परत हाणली, परत हाणली, आणि दाराच्या पलीकडे आई किंचाळली, "अहो, बास करा हो! जीव जाईल तिचा! ऐकताय ना?"

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दोन्ही मुठींनी दार बडवत होती. प्रत्येक ठोक्याला बाबांचा चेहरा असा आक्रसत होता, जणू मार त्यांनाच बसत होता.

"ओरड गं बाई. एकदाच. आईसाठी तरी."

"नाही."

"अगं, नाटक आहे नुसतं!"

"ते तुम्हाला आणि मला माहितीय. त्याला कुठं माहितीय?" मिरचीनं दाराकडे हनुवटी उडवली. "त्याला वाटणार, पोरगी सरळ झाली. उद्या तो बोळका शाळेत सांगत सुटेल. मग परवा जिन्यात दुसरीचा हात धरेल." तिचा आवाज कापला, पण खाली आला नाही. "माझी चूक नव्हती, बाबा."

काठी हवेतच थांबली.

बाबा तिच्याकडे बघत होते, पण नजर तिच्या आरपार जात होती. त्यांनी पँटवरूनच डावी पोटरी चोळली.

"कुणी ओरडलंच नाही, असं कधी झालं नव्हतं?" मिरचीनं विचारलं.

"झालं होतं. एकदा."

"मग?"

"त्या दिवशी त्या पोराची चूक नव्हती. म्हणून तो ओरडेना. आवाज येईना तसे हेडमास्तर उठून दारात येऊन उभे राहिले." बाबांनी काठी खाली टेकवली. "सरांनी एक खरा मारला. पोटरीवर."

"मग ओरडला?"

"ओरडला."

बाहेर आई आता नुसतीच रडत होती.

"संध्याकाळी सर आमच्या कुंपणापाशी आले होते," बाबा म्हणाले. "आत येईनात. म्हणाले, तुझं बरोबर होतं रे. मी भित्रा निघालो."

त्यांनी काठी उचलली. मिरचीला दिसलं की ते तिच्या पायांकडे बघतायत, जागा शोधल्यासारखे. ती हलली नाही. या वेळी डोळे मिटायचे नाहीत, एवढंच तिनं ठरवलं.

बाबा वळले. त्यांनी कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीवर आपटतील इतक्या जोरात उघडल्या. आई आत कोसळता कोसळता सावरली. मागे आजोबा होते, आणि त्यांच्यामागे खुर्चीवर पायावर पाय टाकून ठेकेदार.

बाबा परत आत आले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी गादीला फटका मारला. कापूस उडाला. दुसरा मारला. तिसऱ्याला काठीचे दोन तुकडे झाले.

"झालं," बाबा ठेकेदाराला म्हणाले. "एवढाच मार आहे आमच्याकडे."

आजोबांचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यांनी गादी पाहिली, मिरचीचे कोरे करकरीत हातपाय पाहिले, आणि बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे तो मास्तर..." ते म्हणाले.

"हो, अण्णा."

आजोबा दोन ढांगांत आले आणि त्यांनी बाबांच्या थोबाडीत मारली. खरा फटका कसा वाजतो ते मिरचीला तेव्हा कळलं. गादीसारखा नाहीच. छोटा, ओला आवाज. बाबांची मान फिरली, ओठ फुटला, आणि त्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. आजोबांनी हात पुन्हा उचलला.

आणि मिरची ओरडली.

त्यात शब्द नव्हता. बेंबीच्या देठापासून निघालेली ती किंकाळी खोलीतून, जिन्यातून, रस्त्यापर्यंत गेली. समोरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. आजोबांचा हात उचललेला तसाच राहिला.

"हां," ठेकेदार बाहेरून म्हणाला. "आत्ता कसा आवाज आला."

आई आत आली. तिनं मिरचीच्या बाह्या वर सारल्या, पोटऱ्या पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला. कुठं एक वळ नव्हता. मग तिनं बाबांच्या गालावर उठलेली पाच बोटं पाहिली. ती वळली, ठेकेदाराच्या तोंडावर तिनं दार लावलं आणि कडी घातली.

आजोबा आतच राहिले.

ते फाटक्या गादीसमोर उभे होते. मिरचीला वाटलं, आता हे तिच्यावर धावून येणार. तिनं मुठी वळल्या. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"दर वेळी असंच?" त्यांनी विचारलं.

"एक सोडून," बाबा म्हणाले.

"पण तू ओरडायचास."

"हो."

"वर्कशॉपात यायचं ऐकू. शाळेची नि आपली भिंत एकच." आजोबा आपल्याच तळहाताकडे बघत होते. "मी ग्राइंडर लावायचो. काम नसलं तरी. एखादा लोखंडाचा तुकडा धरायचो नि घासत बसायचो. तुझा आवाज बंद होईपर्यंत."

दारावर ठेकेदाराची थाप पडली.

"काय, झालं का?"

आजोबा हळूहळू खाली, उडालेल्या कापसातच बसले.