काठावरचा पोचा

मी एक जुना पत्र्याचा पिंप आहे. मूळचा खाद्यतेलाचा, पण मित्रांनो, माझे आयुष्य गेले ते मते पोटात घेण्यात. आमच्या गांबियात मतदार पडद्याआड जातो आणि हातातली काचेची गोटी आपल्या पक्षाच्या पिंपात टाकतो. गोटी नळीतून घरंगळते, घंटीवर आपटते आणि 'टिण्' असा आवाज होतो. तळाशी वाळू असते, म्हणून आवाज एकदाच होतो. बाहेरचे अधिकारी कान देऊन ऐकतात. त्या दिवशी आसपास सायकलची घंटीसुद्धा कोणी वाजवायची नाही!

मला पांढरा रंग दिला आणि वर मासा काढला. मासा पक्ष तेव्हा अगदी लहान होता. खाडीपलीकडच्या गावात त्याची शाखा उघडली ती तेनेंग बोजांग या खाडीतले शिंपले, म्हणजे कालवे, विकणाऱ्या बाईने. खाडीवर पूल नव्हता. भरतीत होडी उलटून तिचा नवरा गेला होता. गावच्या बाया एकेकट्या पुलाचा अर्ज घेऊन कचेरीत गेल्या, की शिपाईसुद्धा त्यांना दारात उभे करीत नसे. पक्ष झाला, तेव्हा त्यांच्या वतीने सभागृहात उभे राहून विचारणारे कोणीतरी मिळेल अशी आशा वाटू लागली. पक्ष कशासाठी असतो, हे मला तेनेंगमुळे कळले.

पहिल्याच निवडणुकीत मला होडीतून पलीकडे नेत होते. उतरवताना मी निसटलो आणि धक्क्याच्या दगडावर आपटलो. काठाला मुठीएवढा पोचा आला. तेनेंगने कमरेएवढ्या चिखलात उतरून मला बाहेर ओढले.

"घ्या! पुलाचं मत न्यायलासुद्धा पूल नाही!" ती म्हणाली, आणि सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून मला त्या पोच्याचा अभिमान वाटू लागला.

दोन निवडणुका मासा हरला. तिसऱ्या वेळी जिंकला. सभागृहात पुलाचा प्रश्न निघाला, मोजणीवाले आले, काठावर खुंट्याही ठोकून गेले. आता मासा पुन्हा निवडून आला तर पूल होणार, असे गाव म्हणू लागले. समोरच्या कोंबडा पक्षाला पूल नको होता.

एव्हाना तेनेंगची आजी झाली होती आणि दुसऱ्या निवडणुकीपासूनच तिला दिसेनासे झाले होते. सोबत माणूस नेण्याची तिला सवलत होती, पण ती ऐकेल तर शपथ. "मी अजून मेले नाही. माझं मत मीच टाकणार," म्हणायची. पडद्याआड ती सगळ्या पिंपांचे काठ चाचपायची, पोचा सापडला की मला थोपटायची आणि गोटी सोडायची.

चौथ्या निवडणुकीला मासा पक्षाच्या वाट्याला नवा पिंप आला. मला आदल्या संध्याकाळी घाईघाईने लाल रंग फासून माझ्यावर कोंबडा काढला. पोच्याच्या खळग्यात रंग साचला. तो सकाळपर्यंत वाळला नाही.

तेनेंगआजी आली. तिचा हात काठावरून फिरत पोच्यापाशी थांबला.

"आहेस का रे बाबा?" ती हळूच म्हणाली.

मी काय करणार? मला आवाज होता तो एका घंटीचा, आणि तोही तिच्याच गोटीने वाजायचा. वाजला.

ती हसतच बाहेर आली. मासा पक्षाचा कार्यकर्ता अर्फांग दारात बसला होता. "आजी, हाताला काय लागलंय?"

"काय लागलंय?"

"लाल रंग. कोंबड्याचा."

रांगेतून कोणीतरी ओरडले, "म्हातारी खुराड्यात शिरली की रे!"

आजीने तळहात नाकाशी नेला, वास घेतला आणि ती तशीच माघारी वळली. "मला दुसरी गोटी दे ना बाबा," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "माझं चुकलं. पोचा तोच होता रे."

"आई, माणसाला एकच गोटी," तो म्हणाला. तोही बिचारा खाली बघत होता.

कोंबडा अकरा गोट्यांनी जिंकला. तिची एक इकडची तिकडे झाली असती तरी मासा हरलाच असता. पण हे तिला समजावायला अर्फांग तिच्या घरी गेला नाही. झाडाखालच्या ओट्यावर तिच्या शेजारी कोणी बसेना. काठावरच्या खुंट्या उपटून लोकांनी शेळ्या बांधायला नेल्या.

पुढे मी गंजलो. माझी घंटी काढून घेतली आणि मला भंगारात टाकले. आजीच्या नातीने, न्यिमाने, मला कालवे वाफवायला विकत आणले. आजीने माझ्या काठावर हात फिरवला आणि ती हुंदके देऊन रडली. मला मात्र तिने एकदाही बोल लावला नाही.

"न्यिमा, याचा रंग आता कुठला गं?" ती अधूनमधून विचारते.

"जळून गेला, आजी. काळाच आहे नुसता."

मित्रांनो, पक्षांना पिंप बदलू द्या, रंग बदलू द्या. पण त्यांच्यावर भरवसा ठेवून जो हात अंधारात चाचपत येतो, त्याला आधी सांगा. एवढीच माझी विनंती आहे.

यंदा न्यिमाचे पहिले मत आहे, आणि मतदान खाडीच्या दुसऱ्या काठाला ठेवले आहे. सकाळी निघताना ती आजीच्या पाया पडली. आजीने तिचे दोन्ही तळहात चाचपले.

"डोळे उघडे ठेवून टाक," ती म्हणाली. "माझी राहिलेली गोटी त्यातच धर."

न्यिमा होडीत बसायला खाडीकडे गेली. आजी पोच्यावर हात ठेवून अजून बसली आहे.