अंजनाबाईंच्या छातीचा फोटो

मित्रांनो, मी छातीचा एक जुना फोटो आहे. नटूनथटून काढतात तसला नव्हे, मी एक्स-रे. माझ्यात चेहरा नाही की साडीचे काठ नाहीत. आहेत त्या नुसत्या बरगड्या आणि उजवीकडे वर एक पांढुरका डाग.

१९७७ साली एका दवाखान्यात माझा जन्म झाला. "श्वास धरून ठेवा," असं कोणीतरी म्हणालं आणि अंजनाबाईंनी तो असा धरला, की सोडा म्हटल्यावरही सोडेनात. मग मला अंधाऱ्या खोलीत धुतलं, वाळवलं आणि कोपऱ्यात त्यांचं नाव घातलं.

अंजनाबाई देवगडकडच्या. गिरणीतला नवरा वारल्यावर घाटकोपरच्या चाळीत त्यांनी खाणावळ घातली. कारखान्यांत लागलेले गावाकडचे बारा जण दोन वेळ त्यांच्या हातचं जेवत. डाग टीबीचा निघाला तेव्हा बाईंना जिवापेक्षा खाणावळीची धास्ती वाटली. तरी त्यांनी लबाडी केली नाही. खाणावळ बंद ठेवून त्या मुलुंडला बहिणीकडे राहिल्या, आणि आता कोणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच परत आल्या. पुढे गोळ्या संपल्या, नवा फोटो निघाला, त्यात डाग जवळजवळ गेला होता. तो फोटो दवाखान्याने ठेवून घेतला. पुढेमागे ताडून बघायला लागेल म्हणून मी तेवढा घरी राहिलो.

बाईंना वाचता येत नसे. म्हणून त्यांनी मला थोरल्या मुलाच्या, दत्तारामच्या हाती दिलं.

"दत्ता, ह्यां कोणाक दाखवू नको हां."

"नाय गे आये, माज्यावर सोड."

त्याने मला ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. मला फार बरं वाटलं होतं. घरातलं गुपित आपल्याकडे आहे, याचा मला ताठाच होता म्हणा ना.

मग १९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. भर दुपारी रस्ते ओस पडले. अंजनाबाई चूल विझवून, दार लोटून आत ग्रहण पाळत बसल्या. बाहेर गॅलरीत त्यांच्याकडे जेवणारे सगळे ग्रहण सुटायची वाट बघत होते. एक्स-रेमधून सूर्य झकास दिसतो, असं कोणीतरी म्हणालं. ते डोळ्यांना घातक असतं, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. दत्ताराम लगबगीने आत गेला आणि मला घेऊन आला.

मित्रांनो, आई दाराआड देवाचं नाव घेत बसलेली आणि तिची छाती गॅलरीभर या हातातून त्या हातात! मला ओरडावंसं वाटत होतं. शेजारचा नंदकिशोर एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. त्याने सूर्य बघितलाच नाही, मलाच निरखलं.

"अरे, हा टीबीचा डाग आहे यार! रोज बघतो मी. कोणाचा आहे हा?" आणि त्याने कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचलं.

मी खोटा नव्हतो, पण मी तीन वर्षांपूर्वीचा होतो. ते कोण सांगणार? दत्तारामने मला घाईघाईने त्याच्या हातातून काढून घेतलं, एवढंच.

त्या संध्याकाळी चौघेच जेवायला बसले. मग कोणाची बायको गावाहून आली, कोणाची पाळी बदलली. शेवटी जयवंत तेवढा उरला. एके दिवशी तो स्वतःचं ताट-पेला घेऊन आला. बाई वाढता वाढता थांबल्या.

"जयवंता, ह्यां काय रे?"

त्याने मान खाली घालून गॅलरीतली सगळी हकीकत सांगितली. बाईंनी त्याला पोटभर वाढलं, तो गेल्यावर चूल सारवली आणि दत्तारामसमोर येऊन बसल्या.

"आये, तू बरी झालंस ना? मग लपवचा कशाक?" दत्ताराम म्हणाला.

"दुखणा माझा होता, दत्ता. कोणाक सांगूचा, ता मी ठरवतलंय. माका इचारूचा तरी होता."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र तेव्हा रडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. ज्याच्यावर सोडलं त्यानेच दगा दिला, आणि त्या दग्याला मीच कामी आलो.

आता १९८७ साल आहे. खाणावळ केव्हाच बंद झाली. मी बाईंच्या उशाखाली असतो. त्यांना ब्लडप्रेशर आहे, साखर आहे, नजरही अधू झाली आहे. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे औषधांचे कागद तुमच्या हाती येतील, तेव्हा ते दुसऱ्याला दाखवण्याआधी त्यांना एकदा विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

काल डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. दत्तारामने हात पुढे केला. "आये, दी, वाचून दाखवतंय."

"नको," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी घेऊन वाचून देणारं कोणी परकं माणूस शोधायला जिना उतरल्या.