घरी आई असते

औषधवाल्या बाईंना कशाची म्हणून लाज वाटत नसे. एखादं गिऱ्हाईक कुजबुजायला लागलं की त्या म्हणत, "नीट बोला, चोरीचा माल विकत नाही मी." निरोधचं पाकीट त्या खोकल्याच्या औषधाइतक्याच सहज काउंटरवर ठेवत. पाळी, खाज, चुकलेली तारीख, सगळ्याची चौकशी एकाच आवाजात. शाळा सुटली की पोरी त्यांच्याकडे येत, कारण त्यांच्या आया घरी या विषयावर अवाक्षर काढत नसत. असल्या आयांवर बाई फार चिडत.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. पंधरा वर्षांच्या लेकीनं असलं काही काढलं की बाईंना नेमकी दुधाची आठवण येई. फ्रीजमध्ये ठेवलेलं दूधसुद्धा उतू जाई.

त्या दिवशी संध्याकाळी दुकानात रांग होती. गुडघ्याचं मलम घेऊन एक आजोबा बाजूला झाले, तर मागे लेक उभी, दप्तरासकट.

"इथं काय करतेस? घरी बोलू."

"घरी आई असते," लेक म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय, मॅडम."

मागच्या दोन बायकांनी माना पुढे काढल्या. बाईंनी चष्मा वर सरकवला. कुणापुढे तमाशा नको, म्हणून त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"पाळी थांबतच नाहीये. पंधरा दिवस झाले."

"अंगावरून फार जातंय?"

"हो. आज वर्गात चक्कर येऊन पडले."

बाईंनी आवाज दुकानातलाच ठेवला. "घरी सांगितलं नाही?"

"दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा आईनं गॅस बंद करायला पाठवलं. गॅस बंदच होता."

आता मात्र बाईंना लाज वाटली. इतक्या वर्षांची तुंबलेली, सगळी एकदम.

"गोळी देऊन भागणार नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवायला हवं," त्या म्हणाल्या. आणि प्रत्येक मुलीला विचारायचा पुढचा प्रश्न सवयीनं तोंडातून निघून गेला. "बरोबर यायला घरचं कुणी मोठं आहे का?"

"तेच विचारायला आलेय."

बाई काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "आई आहे. चल."