डावा हात उशीवर

स्टूल भिरभिरत आलं आणि इस्त्रीवाल्या मावशीचा डावा हात आपसूक वर गेला. लाकडी पाय कोपराच्या खालीच बसला, दोन बोटं अलीकडे. मावशी कपड्यांच्या गठ्ठ्यावर कोसळली, आणि कोसळल्या कोसळल्या तिने पहिलं काय केलं असेल, तर तोच हात वाकवून कानाशी नेला.

आत झणझण चालू होती.

"वाजतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

"वाजू दे नाहीतर बंद पडू दे!" मुलगा ओरडला. "सकाळपासून शर्ट मागतोय. कान फुटलेत का तुझे?" दुकानाचं दार धाडकन आपटून तो गेला. फळीवरचे डबे उगाचच थरथरत राहिले.

त्या झणझणीवर मावशीचा जीव टांगलेला होता. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं आणि यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, म्हणजे डायलिसिस. सुया खुपसायला हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून डॉक्टरांनी एक जाडजूड शीर तयार केलेली. बोट ठेवलं की आत रक्त झणझणतं. झणझण थांबली की शीर मेली म्हणून समजा. मनगटाजवळची पहिली तशीच मेली होती. "झोपेत हात अंगाखाली आला," असं मावशीने डॉक्टरांना ठोकून दिलं. हातावर मुलाचा बूट आला होता, हे कसं सांगणार? मग कोपराच्या वर दुसरी केली, आज स्टूल चुकलं ती हीच. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "उजव्या हातात शीरच सापडत नाही. ही गेली तर गळ्यात नळी." गळ्यात नळी घातलेला खिडकीजवळचा कारकून नळीतून जंतू शिरले म्हणून हुडहुडी भरून चार दिवसांत कसा आटोपला, ते मावशीने शेजारच्या पलंगावरून बघितलं होतं.

हात जपायचा म्हणजे काय, ते तिला कळत नव्हतं असं नाही. पण गोची अशी, की जन्म इस्त्रीत गेलेला. उजव्या हातात सदा तापलेली इस्त्री. नवरा अंगावर धावून आला तरी ती टाकून द्यायची सोय नाही, गिऱ्हाइकाचं कापड जळेल. म्हणून डावा वर. नवरा मेला, संताप पोराला देऊन मेला, आणि डाव्या हाताची खोड तशीच राहिली. डोकं फुटलं तरी चालेल पण हात मध्ये घालायचा नाही, असं तिने स्वतःला शंभरदा बजावलं. हात ऐकेल तर शपथ!

दवाखान्यात एक व्यायामवाली पोरगी नवीन आली होती. तिने पलंगाच्या पायथ्याशी सायकलच्या पेडलांचं एक धूड आणून बसवलं.

"हे काय गं? मरायला टेकलेल्या बाईला सायकल शिकवतेस?"

"मावशी, तुमच्या रक्तात सूज आहे. बाहेरून दिसत नाही, पण आत धुमसत असते. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही. यंत्र चालू असताना पाय मारले तर काहींची उतरते. तुमची उतरते का बघू."

"आणि नाही उतरली तर?"

"तर पाय तरी दणकट होतील."

शेजारच्या पलंगावर एक बसचा ड्रायव्हर असायचा. सगळं आयुष्य बसून गेलं म्हणून मूत्रपिंडं सडली, असं त्याचं स्वतःचं निदान. तोही पाय मारायला लागला. "मावशी, गाडी कुठवर आली?" तो विचारायचा. "तुझ्या सासुरवाडीवरनं पुढे गेली. उतरू नकोस, जेवायला थांबवून घेतील," मावशी म्हणायची. इथे तिला जीभ होती. घरी ती कुठे जायची कोण जाणे.

दुसऱ्याच आठवड्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. एवढा खणखणाट झाला की मावशीचा डावा हात झपकन डोक्यावर, आणि एक सुई उसळून बाहेर! रक्ताची चिळकांडी उडाली ती समोरच्या भिंतीपर्यंत. उशी, गाऊन, ड्रायव्हरची चादर, सगळं लाल. सिस्टर धावल्या, कुणी यंत्र थांबवलं, कुणी अंगठा दाबून धरला. मावशी पांढरीफटक पडून एकच घोकत होती, "वाजतंय का? अगं, वाजतंय का बघा आधी!"

वाजत होतं.

व्यायामवालीने रक्त पुसलं. मग ती मावशीच्या दंडाकडे आणि पाठीकडे बघत राहिली. जुने निळे डाग, नवे जांभळे डाग. ट्रे पडल्यावर सगळे दचकतात. डोकं झाकून घेणारी ही एकटीच होती.

"कोण मारतं?"

"पडले मी."

"रोज?"

मावशीने उजव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, "तोच मला गाडीवरून आणतो गं. पोटचा आहे. राग उतरला की पाय चेपत बसतो, रडतो."

"मी इथे सूज उतरवायची आणि त्याने घरी चढवायची, असं किती दिवस चालायचं? पोलिसांत जायचं असेल तर मी येते."

"नको. आत टाकतील त्याला."

पोरगीने वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून तिने एक नवंच खूळ काढलं. सुया टोचल्या की मावशीचा डावा हात ती एका छोट्या उशीवर ठेवायची आणि पाय पेडलांवर. मग मावशी पाय मारायला लागली, की कानाशी येऊन टाळी वाजवायची, मागून टेबलावर चापट मारायची, मध्येच ओरडायची.

"हात?"

"उशीवर," मावशी म्हणायची.

"पाय?"

"चालूच."

पहिल्यांदा हात उसळायचा. सिस्टर तो दाबूनच धरायच्या आणि पोरगीला शिव्या घालायच्या. हळूहळू हात नुसता थरथरायला लागला. मग तोही थांबला. दचकली की मावशीचे पाय जोरात फिरायचे, एवढंच. एकदा ड्रायव्हरचं वॉर्डबॉयशी वाजलं आणि त्याने पाण्याचा मग भिरकावला, तो मावशीच्या पायावरून गेला. हात उशीवरच. पेडल मात्र असं गरगरलं की ड्रायव्हर भांडण विसरून म्हणाला, "अहो मावशी, ब्रेक लावा, कुणीतरी मरेल!"

पुढच्या रिपोर्टात सूज खाली आली. फार नाही, पण आली. मावशीने घरीही, म्हणजे दुकानातच, इस्त्रीच्या टेबलावर तशीच एक उशी आणून ठेवली.

आणि मग ती दुपार आली. मावशी डायलिसिसहून परतली होती. परतल्यावर अंगात त्राण नसतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंतीला पाठ लावून ती स्टुलावर बसली होती, डावा हात उशीवर. इस्त्री तापत होती. मुलगा आला. तोंडाला वास, डोळे लाल.

"शर्ट?"

"पाच मिनिटं बसू दे रे राजा. चक्कर येतेय."

"दवाखान्यात पाय हलवायला चक्कर येत नाही? माझं काम म्हटलं की येते?" त्याने टेबलावरचे कपडे हाताने फरफटत खाली ओढले. "थांब, तुझी चक्करच उतरवतो." आणि त्याने इस्त्री उचलली.

तापलेली इस्त्री घेऊन तो अंगावर आला. मावशीने त्याच्या हाताकडे बघितलं, आणि तिच्या आत कुणीतरी टाळी वाजवली. हात उशीवर राहिला. पाय मात्र दोन्ही एकदम उसळले आणि पोराच्या पोटात असे बसले, की तो मागच्या मागे काउंटरवर जाऊन आदळला. तोंड कडेवर फुटलं. इस्त्री त्याच्याच बोटांवर पडली. कातडी जळल्याचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडला.

मावशीने वायर खेचून बटण बंद केलं. मग हात कानाशी नेला. वाजत होतं, चांगलं खणखणीत.

तिला आनंद झाला. पोटच्या पोराच्या तोंडातून रक्त गळतंय आणि आपल्याला आनंद होतोय, हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. तरी आनंद होताच.

"आई," तो रक्त थुंकत म्हणाला. त्यात एक दात होता. "तू मला मारलंस?"

"मारलं."

"तू?"

"बोटं नळाखाली धर. मग दवाखान्यात जा, टाके घालून घे. इथे यायचं नाही आता."

तो बाहेर पडला तशी तिने कडी घातली. मग दाराला पाठ लावून ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. त्याचा दात तिने उचलला. कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून बटणांच्या डबीत ठेवला.

दिवे लागायच्या सुमाराला तो परत आला. आधी दारावर लाथा. "उघड, नाहीतर दुकान पेटवून देईन!" मग शिव्या, त्या बापाच्याच, शब्दही तेच. मग नुसतं, "आई, अगं आई, हात फार दुखतोय गं." याच्यावर मात्र ती उठली आणि कडीपर्यंत गेली. कडीवर उजवा हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. डाव्या हातात झणझण होती.

ती परत फिरली. इस्त्री लावली. त्याचे शर्ट खालून गोळा केले आणि एकेक करून कॉलर, बाह्या, पाठ, सगळे नीट केले. पांढऱ्यावर रक्ताचा डाग होता, तो घडीच्या आत गेला. मग तिने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली छोटी खिडकी उघडली आणि गठ्ठा बाहेर सरकवला.

पट्टी बांधलेला हात पुढे आला. बोटांची टोकं सुजलेली. तिला ती धरावीशी वाटली, लहानपणी चटका बसला की फुंकर घालायची तशी.

"नीट धर," ती म्हणाली. "घडी मोडेल."

त्याने दोन्ही हातांनी गठ्ठा धरला.

तिने खिडकी लावली, डावा हात उशीवर ठेवला आणि कुणाची तरी चादर पुढ्यात ओढली. टेबलाखाली तिचे पाय चालूच होते.