दोन कुलपांची बंदूक

सर डिकीपुढे हात मागे बांधून उभे होते. गाडी निघायचं नाव घेत नव्हती, कारण सर तिला निघू देत नव्हते.

"बंदूक रिकामी आहे?" त्यांनी विचारलं.

"मघापासून तेच सांगतेय, रिकामी आहे," त्यांच्या पत्नी, टेलरमावशी म्हणाल्या. "पोट तिचंही रिकामं आणि माझंही. निघायचं का?"

"गोळ्या?"

"वेगळ्या डब्यात. डब्याला कुलूप. परवाना माझ्या पर्समध्ये, स्पर्धेचं पत्र परवान्याच्या आत. आता माझ्या बांगड्या मोजायच्या असतील तर त्याही मोजून घ्या."

सरांनी बांगड्या मोजल्या नाहीत, पण पेटीची कुलपं मात्र पुन्हा एकदा ओढून पाहिली. कुलपं दोन होती. इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

मावशींचं शिवणकामाचं दुकान नेमबाजी क्लबाला खेटून होतं. नेमबाजांची ती जाड, ताठ कॅनव्हासची जाकिटं दुरुस्त करायला दुसरं कुणी धजत नसे, सुया मोडत. मावशी ती शिवून द्यायच्या. एकदा अशीच जाकिटं पोचवायला गेल्या असताना प्रशिक्षकाने गंमत म्हणून त्यांच्या हातात रायफल दिली. जन्मभर काजं करताना श्वास रोखून धरायची सवय झालेली ही बाई. तिने श्वास रोखला आणि गोळी मधोमध बसवली. प्रशिक्षकाची गंमत जागच्या जागी जिरली. पुढे मावशींनी रीतसर परवाना काढला, रायफल घेतली, आणि आता साठी उलटल्यावर प्रौढांच्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत जाऊन बसल्या. स्पर्धा दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या रस्त्यावर होती. संध्याकाळी पाचच्या आत तिथल्या तपासणीच्या टेबलावर रायफल हजर करायची. टेबल बंद झालं की स्पर्धक बाद, मग तो कुणी का असेना. जिंकणाऱ्यांना तीन महिन्यांचं शिबिर होतं आणि त्यापुढे परदेश.

कायद्याचं म्हणणं एवढंच होतं की बंदूक रिकामी असावी, बंद पेटीत असावी, हाताला लागणार नाही अशी ठेवावी, आणि परवाना ज्याचा तो माणूस सोबत असावा. कायद्याला एक कुलूप पुरत होतं. सरांना पुरत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी परीक्षेचं केंद्र सांभाळलेलं. प्रश्नपत्रिकांच्या पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडे, आणि ती दोन माणसं एका गाडीत बसायची नाहीत, हा त्यांचा शिरस्ता होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो अंगातून गेला नव्हता. घरातल्या साखरेच्या डब्यावर त्यांनी तो अजून लावला नव्हता, हेच मावशींचं नशीब.

तेव्हा बंदुकीच्या पेटीची एक किल्ली मावशींकडे राहिली आणि दुसरी धाकटीकडे गेली. धाकटी म्हणजे मावशींची बहीण. ती स्पर्धा बघायला स्वतःच्या गाडीने येणार होती.

"आणि हे बघ," सरांनी तिला बजावलं, "गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. कुणाचाही."

"नाही उचलणार, भाऊजी," धाकटी म्हणाली. ही धाकटी जन्मात कुणाचं ऐकत आलेली नव्हती. ऐकायला तिने नेमका हाच दिवस निवडला.

मावशी गाडी चालवत होत्या, सर शेजारी बसून वेगमर्यादेच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. दुपारी एका पेट्रोल पंपावर सगळे थांबले. धाकटीने चहा एका घोटात संपवला, "पुढे होते गं ताई," म्हणाली आणि धूळ उडवत निघूनही गेली. सर मात्र डिकी उघडून कुलपं ओढत बसले.

त्यानंतर तासाभराने नाका लागला.

हवालदार भला माणूस होता. त्याने परवाना पाहिला, पत्र पाहिलं, मावशींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आदर आला. "आमच्या आईला टीव्हीचा रिमोट झेपत नाही," तो म्हणाला. "बरं मावशी, बंदुकीवरचा नंबर परवान्याशी जुळवतो आणि सोडतो. उघडा पेटी."

मावशींनी आपलं कुलूप उघडलं.

"आणि हे?"

"ह्याची किल्ली माझ्या बहिणीकडे आहे."

"बहीण कुठाय?"

"पुढे गेली."

हवालदाराच्या चेहऱ्यावरचा आदर थोडा मागे सरकला. "म्हणजे बंदूक तुमची आणि किल्ली बहिणीची?"

"किल्ली माझीच. ती फक्त सांभाळतेय."

"का?"

आता सर पुढे आले. दोन किल्ल्या दोन माणसांकडे का असाव्यात, ती दोन माणसं एका वाहनात का नसावीत, आणि तसं न केल्यामुळे शेजारच्या केंद्रावर एकदा गणिताचा पेपर कसा फुटला, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मागे तीन ट्रक खोळंबले. एकाने हॉर्न वाजवला, त्याला सरांनी बोट दाखवून गप्प केलं.

"साहेब," हवालदार म्हणाला, "प्रश्नपत्रिकेने कुणी मरत नाही."

"यांच्या पेपरांनी पुष्कळ मेलेत," मावशी म्हणाल्या.

त्यांनी धाकटीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. धाकटी दिलेला शब्द पाळत होती. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला, पण कुणावर चिडायचं तेच कळेना. नंबर जुळल्याशिवाय सोडता येत नाही, हे हवालदाराचं म्हणणं रास्त होतं. कुलूप तोडलं तर पेटीला एकच कुलूप राहील, आणि तेवढं कायद्याला चाललं असतं. पण तोडायला लोहार हवा, तो मागच्या गावात, आणि घड्याळाचा काटा तीनच्या पुढे सरकलेला. टेबलापर्यंत अजून दीड तासाचा रस्ता. हातातोंडाशी आलेलं असं रस्त्याच्या कडेला जातंय म्हटल्यावर मावशींना भर उन्हात रडू यायला लागलं, आणि रडू आलं याचा संतापही आला.

"आता काय करायचं हो?" त्या सरांकडे वळल्या.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "वाट बघायची."

एरवी एवढ्यावरून सरांनी तिथल्या तिथे चौघांना कामाला लावलं असतं. आज ते शांत होते. फार शांत. डावा हात त्यांनी कमरेवर ठेवला होता आणि तो काही तिथून हलत नव्हता.

मावशींची नजर त्या हातावर गेली, मग हाताखालच्या पँटवर. ही पँट त्यांनीच शिवलेली. सरांच्या सगळ्याच पँटी त्याच शिवत, आणि प्रत्येकीच्या कमरपट्ट्याला आतून एक चोरखिसा ठेवत. कमरपट्टा डाव्या बाजूला बोटभर खाली ओढला गेला होता. मावशींच्या हातची शिलाई अशी उगाच ओढली जात नाही. आत वजन होतं.

मावशी त्यांच्या अगदी जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "हात काढा."

"कुठला हात?"

"सर, मी कापड ओळखते."

सरांनी हवालदाराकडे पाहिलं. मग ट्रककडे, मग आभाळाकडे. तिन्हीकडून मदत येईना तेव्हा त्यांनी हात काढला. मावशींनी भर रस्त्यात नवऱ्याच्या कमरपट्ट्यात दोन बोटं घातली आणि एका दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या बाहेर काढल्या. मागच्या ट्रकवाल्याने शिट्टी मारली.

"डुप्लिकेट," सर म्हणाले.

"दिसतंय मला."

हवालदाराने नंबर जुळवला, पेटी बंद करून घेतली आणि त्यांना वाटेला लावलं. जाताना सरांना त्याने सलाम ठोकला, पण तो कशाबद्दल ते त्यालाच माहीत.

वेगमर्यादेच्या पाट्या येत होत्या, जात होत्या, आणि सर एकही वाचत नव्हते.

"तुमच्याकडे किल्ल्या होत्या," शेवटी मावशी म्हणाल्या. "मी तिथे रडकुंडीला आले होते, आणि तुमच्या कमरेला किल्ल्या होत्या."

"डुप्लिकेट न घेता मी आजवर कधी निघालेलो नाही."

"घेतल्याचं विचारत नाहीये मी. काढल्या का नाहीत?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "ठरवून नाही केलं," ते म्हणाले. "तो किल्ली म्हणाला, आणि माझा हात कमरेवर गेला. काढायलाच गेला होता. मग वाटलं, आता इथेच थांबलं तर शिबिर नाही, परदेश नाही. संध्याकाळपर्यंत आपण दोघं घरी." "तू जिंकणार गं. क्लबात सगळे तेच म्हणतात. तीन महिने मी त्या घरात बोलणार कुणाशी?"

मावशींना हसू आलं आणि त्याच वेळी फार राग आला. इतकी वर्षं हा माणूस बंदुकीला भितो असं त्या समजत होत्या.

"एवढं तोंडाने सांगता आलं नाही?"

"नाही आलं."

मावशींनी गाडी कडेला घेतली. स्वतःची किल्ली पर्समधून काढली, डुप्लिकेटच्या दोऱ्यात ओवली, आणि अख्खा झुबका सरांच्या मांडीवर टाकला.

"हे काय?"

"सगळ्या किल्ल्या केंद्रप्रमुखांकडे. टेबलावर पेटी मी नेऊन ठेवीन. उघडायची की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलीत तर तशीच उचलून घरी नेईन. तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. ही बाई एका शब्दाने बोलणार नाही म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सभागृहात पोचले तेव्हा तपासनीस टेबलावरचे कागद गोळा करत होता. दारात धाकटी दुसरी किल्ली नाचवत उभी होती. "एकदासुद्धा फोन उचलला नाही बरं का, भाऊजी!" ती अभिमानाने म्हणाली. मावशींनी तिला हातानेच गप्प केलं आणि पेटी टेबलावर ठेवली.

"उघडा लवकर," तपासनीस म्हणाला. "पाच वाजतायत."

मावशी दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. श्वास रोखायची सवयही आज उपयोगाला येत नव्हती. धाकटी किल्ली पुढे करायला लागली, तिला त्यांनी कोपराने ढोसलं.

शेजारी सरांनी एकदा पेटीकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं. मग किल्ल्यांचा झुबका खुळखुळला. सरांनी पहिल्या कुलपात दुसरीच किल्ली घातली. ती फिरेना. तपासनीसाने घड्याळाकडे पाहिलं. सरांनी किल्ली बदलली, पहिलं कुलूप निघालं. दुसरं एका फटक्यात निघालं. झाकण त्यांनीच उघडलं, आणि ज्या वस्तूला आजवर बोट लावलं नव्हतं ती दोन्ही हातांनी उचलून तपासनीसापुढे नीट ठेवली.

"स्पर्धक तुम्ही?" तपासनीसाने रायफलीला तपासणी झाल्याची पट्टी बांधत विचारलं.

"छे. ही," सर म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. शिबिराला सोबतीचं माणूस चालतं का? मला चहा करता येतो."

मावशी भिंतीकडून गर्रकन वळल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांना आज कळत होती.