नसलेल्या शुक्रवारचा उपास

आमच्या सामोआ बेटांवर घरच्यांची कबर अंगणातच असते. माणूस गेला तरी दारासमोर राहतो. संध्याकाळी त्याच्याजवळ बसून अळकुड्या सोलता येतात. माझ्या अंगणात कबर नाही. माझा नवरा फेलेती मासे धरायला गेला, आणि होडी तेवढी परत आली. मला त्याची फक्त तारीख मिळाली, तीस डिसेंबर. गेली आठ वर्षं त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेत नाही. पश्चिमेच्या खडकावर बसून त्याला वर्षभराचं सांगते.

यंदा सरकारने तो दिवसच काढून टाकला. व्यापार सगळा न्यूझीलंडशी, आणि आमचा वार त्यांच्या एक दिवस मागे. म्हणून वाररेषा उचलून आमच्या पलीकडे नेली. गुरुवारी एकोणतीसला झोपायचं आणि उठायचं ते शनिवारी, एकतीसला.

शेजारची मासिना कुंपणावरून म्हणाली, "माझ्या धाकटीचा वाढदिवस खाल्ला गं सरकारने! केक आता त्यांच्याकडूनच मागवते. तुझं बरंय, एक उपास वाचला."

मी हसले. 

चर्चच्या पाळकांना विचारलं. "प्रभूला तारखेचं काय, बाई? आदल्या दिवशी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी." मायेनेच सांगितलं त्यांनी. पण एकोणतीसला तो घरी होता, जाळं सांधत, माझ्यावर चिडत. एकतीसला मी किनाऱ्यावर शोधत फिरत होते. मधला दिवस तेवढा त्याचा.

शनिवार उजाडला. मी काही खाल्लं नाही, पण उपास कोणाचा ते कळेना. खडकावर जाऊन बसले तर तोंडातून शब्द फुटेना. इथला सूर्यास्त जगातला शेवटचा म्हणून पाहुणे यायचे. वार बदलला तसा तो मानही गेला. खडकावर मी एकटीच.

शेवटी फुआतिनोला फोन लावला. माझी मुलगी. शेजारच्या बेटांवर, पांगोपांगोला मासळीच्या कारखान्यात असते. ती बेटं अमेरिकेची, त्यांनी वार बदलला नाही. दोन वर्षांत आमचं चारदा बोलणं झालं असेल.

"आई? काय झालं गं?"

"काही नाही. जेवलीस?"

"आत्ता कामावरून आले. ताट वाढून घेतलंय."

"तुझ्याकडे सूर्य कुठे आलाय?"

"हे काय विचारणं! बुडायला आलाय. तुझ्याकडे?"

"इथेही."

"मग तोच की. तुमचा शनिवारचा, आमचा शुक्रवारचा..." ती थांबली. "आज इथे तीस तारीख आहे, आई. माझ्या लक्षातच नव्हतं."

 पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"बुडेपर्यंत थांबते मी," ती म्हणाली. "तू सांग बाबांना. मी ऐकते."

मी फोन मांडीवर ठेवला आणि पाण्याकडे तोंड करून जानेवारीपासून सांगायला लागले. छप्पर गळलं ते, डुकरीण व्याली ते, गुडघे धरलेत ते. फोन मध्येच केव्हा बंद पडला कोण जाणे. सूर्य बुडाला तेव्हा मी जुलैपर्यंतच आले होते.