पायरीपर्यंत

टेलरमास्तर पलंगावर आडवे झाले, चष्मा काढून उशाशी ठेवला आणि म्हणाले, "चल बेबी. मी मेलोय."

त्यांची अडतीस वर्षांची लेक बेबी खुदकन हसली. तिची समज सहा-सात वर्षांपाशीच थांबली होती. आई नव्हती, घरात दोघंच. आणि मास्तरांच्या हृदयाचा आता भरवसा नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"हसू नकोस. काय ठरलंय आपलं?"

"हलवायचं. आत्याला फोन. दार उघडून पायरीवर बसायचं."

मास्तरांना कामाची एकच रीत ठाऊक होती. आखायचं, शिवायचं, घालून बघायचं, चुकलं तर उसवायचं. याच रीतीने त्यांनी तिला वेणी घालायला, गॅस बंद करायला शिकवलं होतं. हे मात्र आठवडाभर नुसतं उसवणंच चाललं होतं. सोमवारी ती दार उघडायला विसरली. मंगळवारी आत्याला 'जेवलीस का' विचारून फोन ठेवून दिला. काल तर त्यांच्याशेजारी येऊन गाढ झोपली. मास्तरांनी तिच्यावर हात उगारला होता.

आज त्यांनी डोळे मिटले. खांदा हलला, दोनदा, तीनदा. मग फोनची बटणं वाजली. सरावाचं आत्याला माहीत होतं.

"आत्या, बाबा उठत नाहीत. तू ये."

कडी निघाली. ती पायरीवर बसल्याची चाहूल लागली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने ती आत आली.

"कुठे चुकलं, बाबा?"

"कुठेच नाही. सगळं बरोबर."

"मग पुढचं सांगा."

"पुढचं काय? आत्या येईपर्यंत बसायचं."

"आत्या आली की?"

मास्तर उठून बसले. आत्या येणार, दोन दिवस राहणार आणि आपल्या संसाराकडे परत जाणार. त्यापुढचं त्यांनी आखलंच नव्हतं. कापडच पुरत नव्हतं.

बेबीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही दमलात. आता मी मरते, तुम्ही करा."

त्यांना बाजूला सारून ती पलंगावर निजली. हात छातीवर, डोळे घट्ट मिटलेले.

मास्तर उभे राहिले. खेळच होता. पण तिला तसं पडलेलं पाहून त्यांना इतकं हायसं वाटलं, की स्वतःचीच भीती वाटली.

"बाबा," डोळे न उघडता ती म्हणाली, "हलवा ना."